भुलीतलं नाव

माझ्या नवऱ्याचं नाव तुळशीराम. आज मी हे सरळ लिहून टाकते, पण लग्नानंतर कित्येक वर्षं हे नाव माझ्या तोंडून बाहेर पडलं नव्हतं. नाव तर नाहीच, नावासारखं ऐकू येईल असंही काही नाही. त्यामुळे दारातल्या तुळशीला मला तुळस म्हणता येत नसे. माझ्यापुरतं तिचं नाव 'अंगणातली बाई' असं पडलं होतं. कोणाला खोकला झाला की मी म्हणायची, अंगणातल्या बाईची चार पानं तोडून आणा. नवीन पाहुणा असला तर तो आधी बाहेर डोकावून कोण बाई बसली आहे ते बघायचा.

सासऱ्यांचं नाव काशीराम, आडनाव आमचं घरत. ते माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी वारलेले, मी त्यांना पाहिलंसुद्धा नाही, पण सुनेनं त्यांचंही नाव घ्यायचं नाही. सासूला, म्हणजे गंगाबाईला, मुलाचं नाव घेता यायचं, नवऱ्याचं नाही. थोडक्यात, घरात दोन धडधाकट बायका असून एका माणसाचं पूर्ण नाव सांगायची सोय नव्हती. तलाठ्याचा माणूस दारात आला की शेजारच्या सखूबाईला हाक मारायची. ती ओले हात पुसत यायची, "काशीराम" म्हणायची आणि परत चुलीकडे जायची. मी विचुंब्याची मुलगी, सातवीची परीक्षा पास झालेली. मला या प्रकाराचा वीट आला होता. तरी मीही नाव घेत नव्हते, हेही तितकंच खरं.

हे सगळं आधी सांगायचं कारण एवढंच की सत्तावन्न साली माझं दुसरं बाळंतपण या नावापाशी येऊन अडलं.

पहिलं बाळंतपण घरीच झालं होतं. माझी आई मी लहान असतानाच गेली, त्यामुळे माहेरी जायचा प्रश्न नव्हता. सुईण जुनी, हाताची चांगली होती, तिला मी दोष देत नाही. पण मूल पोटात नीट फिरलेलं नव्हतं आणि कळा सरता सरेनात. एका रात्रीनंतर मला माणसं ओळखू येईनाशी झाली. त्यात गंगाबाईनं लुगड्याच्या पदराचा बोळा करून माझ्या तोंडात कोंबला होता. मी ओरडायला तोंड उघडलं की ती तो बोळा आणखी आत दाबायची. मला वाटलं, हे लाजेसाठी चाललंय, खाडीकाठच्या मिठागरावरच्या माणसांच्या कानावर सुनेची बोंब जाऊ नये म्हणून. ते मूल आठवडाभरही जगलं नाही. त्याचं दुःख झालं ते झालं, पण त्या बोळ्याचा राग माझ्या मनातून कधी गेला नाही.

म्हणून दुसऱ्या वेळी दिवस राहिले तेव्हा मी नवऱ्याला सांगितलं की पनवेलच्या डॉक्टरीणबाईंकडे न्यायचं असेल तर इथे राहते, नाहीतर बापाकडे जाते आणि बाप मला नेईल. तो हो म्हणाला. तो तसा कशालाही हो म्हणायचा. अडचण एवढीच की आई म्हणाली तरी हो म्हणायचा.

वडाळे तळ्याच्या अंगाला इंदुमती गुप्ते डॉक्टरीणबाईंचं लहानसं बाळंतपणाचं घर होतं. चार खाटा, एक नर्स, मागे विहीर. सातव्या महिन्यात मी तिथे गेले. बाईंनी तपासलं आणि मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, मागच्या वेळी फार सोसलंस, या वेळी दुखणं कमी करायला काय घ्यायचं ते आपण आधीच ठरवून ठेवू. हा 'आपण' ऐकून मी दचकलेच. माझ्या पोटाबद्दल तोवर मला कोणी काही विचारलेलं नव्हतं.

त्यांनी मला सगळं नीट समजावून सांगितलं. एक पेथिडीनचं इंजेक्शन असतं. त्यानं कळा जात नाहीत, पण लांब जातात, शेजारच्या घरात कोणी भांडत असावं तशा. मळमळतं, गुंगी येते. दुसरं वासाचं औषध, ते अगदी शेवटी, तोंडावर जाळी धरून थेंब थेंब द्यायचं, त्यानं थोडा वेळ भूल पडते. इंजेक्शन फार लवकर दिलं तर कळा मंदावतात आणि फार उशिरा दिलं तर बाळ पेंगुळलेलं जन्मतं, श्वास घ्यायला आळस करतं. मधली वेळ साधायची. काहीच न घेता होणारी बाळंतपणंही पुष्कळ असतात, तसंही चालेल, म्हणाल्या. मी दोन-चार गोष्टी विचारल्या आणि तिथेच सांगितलं, मला इंजेक्शन हवं आणि गरज पडली तर वासाचंही. बाई म्हणाल्या, ठीक, फक्त मी वेळ झाली म्हणाले की मग घोळ घालायचा नाही.

आमच्याकडे घोळ घालायला किती माणसं आहेत याची बाईंना कल्पना नव्हती.

चैत्रात कळा सुरू झाल्या तेव्हा मिठाचा हंगाम भरात होता. तरी नवऱ्यानं काम टाकलं, सासऱ्यांचे धाकटे भाऊ विठूकाका, त्यांनी बैल जुंपले आणि आम्ही पनवेलला आलो. पुरुष गाडी सोडायला मागे गेले. मी बाकावर वाकून बसले होते. गोदू नावाची नर्स नोंद करायला आली. माझं नाव भामा, ते मी सांगितलं. नवऱ्याचं नाव तिनं विचारलं, ते गंगाबाईनं सांगितलं.

"तुळशीराम काय?" गोदूनं विचारलं.

गंगाबाई गप्प. मी गप्प. तेवढ्यात मला कळ आली, म्हणून माझं गप्प राहणं शोभून तरी गेलं. गोदूनं पुन्हा विचारलं, त्याला बाप आहे की नाही. गंगाबाई म्हणाली, व्हता. मग गोदू वैतागून मागच्या दारी गेली आणि बैलांना पाणी दाखवणाऱ्या विठूकाकांना तिथूनच तिनं त्यांच्या सख्ख्या भावाचं नाव विचारलं. विठूकाकांनी आधी तिला बैलांची नावं सांगितली, कारण त्यांना वाटलं तीच विचारते आहे. एवढं सगळं होईतो मला आणखी एक कळ येऊन गेली.

दुपार कलताना बाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, आता इंजेक्शनची वेळ. गोदू ते आणायला वळली आणि गंगाबाई दारात आडवी उभी राहिली.

भूल द्यायची नाही, असं तिचं म्हणणं. बाईंनी कारण विचारलं. ती म्हणाली, अंगावरचं दूध आटेल. बाईंनी सांगितलं, आटत नाही. मग म्हणाली, पोर खुळं निपजेल. बाईंनी तेही शांतपणे समजावलं. मग कळा देवानं दिल्यात, त्या सोसायच्या असतात, असं निघालं. एक कारण खोडलं की ही दुसरं काढायची, आणि तेही अशा घाईनं की जणू कारणांशी तिला काही घेणंदेणंच नाही, दार तेवढं अडवायचंय. बाईंनी पुरुषांना बोलावून घेतलं. विठूकाका म्हणाले, बैलाला नाल ठोकताना कुठं भूल देतात, तरी तो चालतोच ना. माझ्या नवऱ्याला विचारलं तेव्हा त्यानं माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं आणि म्हणाला, आये म्हनेल तसं. त्या क्षणी माझ्या हाताशी काही असतं तर मी ते त्याला फेकून मारलं असतं.

मी म्हटलं, मला हवंय, मी सातव्या महिन्यातच ठरवलंय. कोणी ऐकलं नाही. ज्या बाईच्या अंगात कळा होत्या ती सोडून खोलीतल्या प्रत्येकाला मत होतं. बाई माझ्या बाजूच्या होत्या, पण त्यांनाही गावात राहायचं होतं. घरच्यांच्या तोंडावर औषध द्यायचं आणि उद्या बाळ जरा निळं दिसलं तर हेच लोक दारात येऊन उभे राहणार, हे त्यांनी स्पष्ट बोलून दाखवलं. मग त्या पुरुषांना बाहेर घेऊन गेल्या. जाताना म्हणाल्या, मी दुसऱ्या बाईला बघून येते, तोवर काय ते ठरवा, त्यानंतर इंजेक्शन द्यायला उशीर झालेला असेल.

खोलीत आम्ही दोघीच उरलो. गंगाबाई खाटेपाशी आली आणि मी बघते तर तिनं पदराचा बोळा करायला घेतलेला. ते बघून माझा उरलासुरला धीर सुटला. मी म्हटलं, "आये, तो बोळा माज्या तोंडात घातलास तर मी तुजं बोट चावीन. काय ते खरं सांग. तुला मना असं मारायचं हाय काय?"

ती खाली बसली. म्हणाली, जगनला कशी भूल दिली होती आठवतं का. मला आठवत होतं, सगळ्या गावाला आठवत होतं. आमच्याच गावातल्या जगनचा पाय कापावा लागला तेव्हा त्याला भूल दिली आणि त्या भुलीत त्यानं कोणाच्या आगरातलं मीठ कोणी उचललं, कोण कोणाच्या घरी कधी जातो, अशी गावाची सगळी अंडीपिल्ली बाहेर काढली. पाय गेल्यापेक्षा त्यालाच माणसं जास्त दिवस हसत होती.

"भूल दिली का मानूस बरळतो," गंगाबाई म्हणाली. "तू त्याचं नाव घेशील."

एवढ्यासाठी. दूध, खुळं पोर, देवाच्या कळा, सगळं एवढ्यासाठी. मी म्हटलं, घेतलं तर घेतलं, नावानं काय होतंय.

"मी घेतलं व्हतं," ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं, माझ्याकडे न बघता. तुळशीराम पोटात होता. कळा सोसेनात तेव्हा तिनं नवऱ्याच्या नावानं हाक मारली, एकदा नाही, घर दणाणेल अशी पुन्हा पुन्हा. तो अंगणात होता, त्यानं ऐकलं, वर हसलासुद्धा. त्याच पावसाळ्यात उधाणाच्या भरतीला खाडीचा बांध फुटला आणि बांध धरायला गेलेला तो परत आला नाही. पोर तेव्हा पालथंही पडत नव्हतं. बायकांनी तिच्या तोंडावर काही म्हटलं नाही, पण तिला कोणी सांगायची गरजच नव्हती.

मला कळ आली. ती ओसरेपर्यंत मी खाटेची कड धरून होते आणि गंगाबाई माझी पाठ दाबत होती, चांगली दाबत होती. मला तिची कीव आली आणि त्याच वेळी तिला गदागदा हलवावंसंही वाटलं. एवढी वर्षं ही बाई स्वतःला नवऱ्याची मारेकरी समजत होती आणि त्याची शिक्षा माझ्या तोंडात कोंबत होती. कळ गेली तशी मला एकदम एक गोष्ट सुचली.

"आये, तुला कोनी भूल दिली व्हती?"

"मना कोन भूल देतंय? सुईन पन उशिरा आली."

"मंग नाव कशानं घेतलंस?"

ती हळू म्हणाली, "कळांनी."

"मंग माज्या तोंडून पन कळांनीच निघंल. मागच्या येळी बोळा नसता तर तवाच निघालं असतं. आता बोळा मी घालू देनार नाय. कळा कमी झाल्या तर तोंड माज्या ताब्यात ऱ्हाईल. नायतर मी आताच घेते नाव, बघ."

ही नुसती धमकी नव्हती. पुढची कळ पायाच्या बोटांपासून वर चढत होती आणि मला खरंच वाटत होतं की या वेळी ते नाव निघणार, आणि ते भीतीनं किंवा प्रेमानं नाही, तर त्या माणसानं आये म्हनेल तसं म्हटलं म्हणून संतापानं निघणार. गंगाबाईनं माझा चेहरा बघितला. ती उठली, दारात गेली आणि मघाशी ज्या बाईला इंजेक्शन देऊ देत नव्हती तिलाच हाका मारायला लागली.

"बाई, काय ते टोचायचं ते टोचा. येगीन या. पोरीला किती येळ तंगवताव?"

तंगवताव म्हणे. गोदू नंतर मला म्हणाली की हे ऐकून बाईंनी हातातला हत्यारांचा ट्रे खाली ठेवला आणि भिंतीला टेकून क्षणभर डोळे मिटले.

इंजेक्शननं कळा खरंच शेजारच्या घरात गेल्या. भांडण चालू होतं, पण ते माझं नव्हतं. शेवटी शेवटी जाळी धरली, गोडसर वास आला, आणि मला कोणीतरी बोलत असल्याचं ऐकू येत होतं. बायकी आवाज, जरा चिडका. कोण इतकं बडबडतंय असं वाटून मला त्या बाईचा राग आला. मग मुलगी रडली. पेंगुळलेली वगैरे काही नाही, चांगली खणखणीत रडली.

जाग आल्यावर मी पहिलं गंगाबाईला विचारलं, मी काय बोलले.

"काय नाय," ती म्हणाली. "गुपचीप पडली व्हतीस."

मी निर्धास्त झाले. मला वाटलं, आपलं म्हणणं खरं ठरलं, कळा कमी झाल्या आणि तोंड ताब्यात राहिलं. त्या विजयात मी मुलीचं नाव गुणा ठेवलं आणि घरी आले.

आणि घरी आल्यावर गंगाबाईला काय झालं कोण जाणे. बाळंतिणीकडे आणि बाळाकडे बघायचं सोडून ती मुलाच्या मागे लागली. तुळशीराम तेव्हा असा माणूस की मिठाच्या पाट्या दिवसभर डोक्यावरून वाहून संध्याकाळी वर हुतुतू खेळायला जाणारा. त्याच्या दंडाला ताईत आला, गळ्यात काळा दोरा आला. त्यानं माडावर चढायचं नाही. गाडी हाकायची नाही, ती विठूकाकांनीच हाकायची, आणि विठूकाकांना तर रस्त्यातलं गाढव दिसत नसे. काट्याची मासळी त्याच्या ताटातून बंद झाली. खाडीकाठचं घर आणि कर्त्या माणसाला काट्याची मासळी नाही. त्याला शिंक आली की गंगाबाई अंगणातल्या बाईची अख्खी फांदी ओरबाडून काढा करायची. तो पीत नसला की त्याच्यामागे वाटी घेऊन फिरायची. तो मला एकांतात विचारायचा, आयेला काय झालंय गो. मी चिडून म्हणायची, मला काय विचारतोस, आये म्हनेल तसं कर.

आषाढात गुणाला खोकला झाला म्हणून मी तिला पनवेलला नेलं. गोदू बाळाचं वजन करता करता हसायला लागली. म्हणाली, काय गं, भुलीत नवऱ्याला किती झापलंस. तुळशीराम, तुला तोंड नाही का, तुळशीराम, तुला मत नाही का, तुळशीराम, तुझ्या पोटात दुखलं असतं म्हणजे कळलं असतं. नावाची नुसती माळ लावली होतीस. आम्ही तर मोजायचंच सोडलं.

मी विचारलं, सासू कुठे होती.

तिथेच, तुझ्या उशाशी, गोदू म्हणाली. आम्ही हसायला लागलो तर तिनं आम्हाला हात जोडले. म्हणाली, पोरीला सांगू नका, तिच्या जिवाला घोर लागेल.

गाडीत बसून परत येताना मला आधी राग आला, मग भीती वाटली, आणि मग भीती वाटली याचा जास्त राग आला. मी सातवी पास झालेली मुलगी. नाव घेतल्यानं माणूस मरत नाही हे मी दुसऱ्या कोणालाही ओरडून सांगितलं असतं. पण घरी पोहोचेपर्यंत तुळशीराम दारात दिसेल ना, एवढाच एक विचार माझ्या डोक्यात होता. तो दारात होता. ताईत बांधलेला हात कमरेवर ठेवून गाडीला उशीर का झाला म्हणून ओरडत होता.

गंगाबाईला जाब विचारायचं मी वाटेत ठरवलं होतं. विचारलं नाही. तिनं माझ्या हातून गुणाला घेतलं आणि मुलाकडे अशी नजर टाकली की माझ्यानं बोलवेना. एकटीनं घोर वाहायचा, सुनेला कळू द्यायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. ती मूर्खासारखी वागत होती आणि माझ्यासाठी वागत होती. आता आम्ही दोघीही एकाच माणसावर डोळा ठेवून होतो, आणि तो माणूस दिवसेंदिवस जास्त चिडत होता.

श्रावणात पौर्णिमेच्या उधाणाला भर दुपारी बांधाला भगदाड पडलं. सगळं गाव धावलं. तुळशीरामला फावडं सापडेना, कारण गंगाबाईनं ते सकाळीच तांदळाच्या कणगीत खुपसून ठेवलं होतं. तो हात हलवत तसाच पळाला. मागून गंगाबाई, तिच्यामागून मी, काखेत पोर. बांधावर माणसं कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून चिखल टाकत होती आणि कोण कुठला ते ओळखू येत नव्हतं. गंगाबाई काठावरून त्याला हाका मारत होती, तुळशीराम, तुळशीराम. तिला निदान हाक मारता येत होती. मी तोंड उघडलं आणि मिटलं. भुलीत माळ लावली होती, आणि शुद्धीत एकदासुद्धा तोंडातून फुटेना.

भगदाड बुजलं. तुळशीराम डोक्यापासून पायापर्यंत चिखलानं माखून वर आला, दुसऱ्याचं फावडं खांद्यावर, आणि येताच आईवर बरसला. गावातली पोरं-बाळं बांधाला लागली नि माझं फावडं तांदळात, लोक काय म्हणतील. गंगाबाईनं पदरानं त्याच्या तोंडावरचा चिखल पुसला आणि त्याच्या पाठीत एक जोरात धपाटा घातला. मग बांधावरच बसली आणि बराच वेळ उठली नाही. तो मला म्हणाला, हिचं डोकं फिरलंय, घरी भाकर तरी हाय का. मला रडू येत होतं आणि मी त्याला सांगितलं की भाकर नाही, करते.

दिवाळी झाली, मिठाचा हंगाम लागला. गंगाबाई हळूहळू सैल पडत गेली. आधी काट्याची मासळी सुटली. मग तो माडावर चढला तरी ती खाली उभी राहून नुसती बघू लागली. होळीनंतर एक दिवस दंडावरचा ताईत तुटून पडला तर तिनं तो उचलून कोनाड्यात ठेवला, पुन्हा बांधला नाही. चैत्र आला, भुलीतल्या त्या माळेला वर्ष झालं. गुणा भिंत धरून उभी राहत होती.

त्याच दिवसांत देवी टोचणारा माणूस गावात आला. आमच्या ओट्यावर बसून त्यानं पेटी उघडली. तुळशीराम अंगणात मिठाची फाटकी पाटी विणत होता. माणसानं पोरीचं नाव विचारलं, मी सांगितलं. बापाचं नाव विचारलं.

"तुळशीराम," गंगाबाई म्हणाली.

"तुळशीराम काय?"

मी सवयीनं उठले, सखूबाईला हाक मारायला.

"बस," गंगाबाई मला म्हणाली. "सखूच्या चुलीवर भात असंल." आणि मग त्या माणसाकडे वळून म्हणाली, "काशीराम."

त्यानं ते टिपून घेतलं. त्याला काय, गावात फिरताना अशी किती नावं कानांवर पडत असतील. तुळशीरामचे हात मात्र पाटीवर थांबले. वडिलांचं नाव आईच्या तोंडून त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं. त्यानं मान वर केली, आईकडे बघितलं आणि पुन्हा विणायला लागला. मला उभं राहवत नव्हतं आणि बसवतही नव्हतं.

त्या माणसानं गुणाचा दंड पुसला आणि टोचलं. ती किंचाळली. गंगाबाईनं तिला उराशी धरलं, थोपटायला लागली आणि तिच्या कानाशी पुन्हा म्हणाली, काशीराम, काशीराम घरत. आता तिला कोणी विचारलं नव्हतं.